अकरा चाळीसचा हुकूम

१

प्रकल्प क्रमांक ४१७ गेला. कुठे ठेवला ते आठवेना, असा नाही गेला. अडीचशे फोटो, रोजची डायरी, हजेरी, सिमेंटच्या तपासण्या आणि एका मेलेल्या माणसाचा आवाज, सगळं संगणकातून असं पुसलं गेलं की असा काही प्रकल्प होता याची खूणही उरली नाही.

ही बातमी कोरीटला गिरधरआप्पांकडे सकाळच्या एसटीनं आली, त्यांच्या भाचीसोबत. आप्पा खळ्यात मिरची निवडत बसले होते. चेतना समोर येऊन उभी राहिली. डोळे लाल, नाक लाल. आप्पांना वाटलं, मिरचीचा ठसका लागला.

"मामा, मन्ही नोकरी जाई ते जावो," ती म्हणाली, "पन त्या बाईले मी काय तोंड दाखाडू?"

"खाले बठ. पानी पी. कोनती बाई?"

चेतना म्हसावदच्या एका बांधकाम कंपनीत नोंदी सांभाळायची. आप्पांचा एकुलता एक मुलगा ललित त्याच कंपनीत साइट इंजिनिअर. चेतनाला तिथं चिकटवलं होतं ते ललितनंच. आणि आप्पा स्वतः? एकतीस वर्षं पाटबंधारे खात्याच्या अभिलेख कक्षात काढलेला माणूस. निवृत्त झाले तरी लोक हरवलेले सातबारे, गायब झालेल्या फायली घेऊन त्यांच्याकडेच यायचे. आप्पांचं एक ठरलेलं वाक्य होतं, कागद हरवत नसतो, कोणीतरी तो हरवतो. आणि हे वाक्य ते इतक्या वेळा म्हणायचे की घरचे लोक कान झाकून घ्यायचे.

बाई होती रमिलाबाई. नर्मदेच्या काठी आमलीपाड्याला होडीतून उतरायचा धक्का बांधायचं काम चालू होतं. मणिबेलीसारखीच तिथलीही अर्धी वस्ती धरणाच्या पाण्याखाली गेलेली, उरलेल्यांना होडीशिवाय वाट नाही. सहा महिन्यांपूर्वी धक्क्याचा स्लॅब कोसळला. खाली दोघे गेले. रमिलाबाईचा नवरा रूपसिंग, जो मजुरांचा मुकादम होता, आणि तिचा सख्खा भाऊ वीरसिंग. स्लॅब ओला असताना सेंटरिंग, म्हणजे त्याला खालून दिलेला आधार, काढली म्हणून तो पडला, यावर सगळ्यांचं एकमत होतं. प्रश्न एवढाच होता, काढायला सांगितली कोणी? बोट रूपसिंगकडे दाखवलं गेलं. मेलेला माणूस थोडाच उलटून बोलणार!

रमिलाबाईच्या आईनं, तुळशीबाईनं, त्या दिवसापासून लेकीला दार बंद केलं. तुझ्या नवऱ्यानं माझा पोरगा मारला, एवढंच बोलली आणि पाठ फिरवली. वस्तीनंही तोंड फिरवलं. रमिलाबाई म्हसावदला येऊन पपईच्या मळ्यात मजुरी करायला लागली.

"पन तो आवाज व्हता, मामा," चेतना म्हणाली. "पडाना घडीभर आधी रूपसिंगनी मोबाईलवर बोलीसन डायरी भरेल व्हती. त्यान्या बोलीम्हा. चार दिवसम्हा चौकशीना साहेब ऐकनार व्हता, दुभाष्याले लईसन. आते काहीच नही."

"पुसं कोनी?"

चेतनानं ओढणीनं नाक पुसलं. "नोंदम्हा मन्हंच नाव शे."

२

दुपारी आप्पा म्हसावदच्या ऑफिसात हजर. कंपनीचे मालक योगेंद्रशेठ घुश्श्यातच होते.

"आप्पा, तुम्ही वडीलधारे म्हणून आत येऊ दिलं. तुमच्या भाचीनं लिहून द्यावं की चुकून पुसलं गेलं. मी प्रकरण वाढवणार नाही."

"शेठ, चूक झाली असती तर ती आधी माझ्याकडे रडत आली नसती, तुमच्याकडे आली असती," आप्पा म्हणाले. "आणि तुम्हाला एवढी घाई कसली?"

 घाई कसली ते सगळ्यांना माहीत होतं. आवाजात काय आहे ते बाहेर आलं असतं तर कंपनीचं नाव काळ्या यादीत जाणार होतं. संशय घ्यायला पहिला माणूस हाच.

चेतनानं संगणक उघडून मामाला समजावलं. पडद्यावरून काही पुसलं तर ते कचऱ्याच्या डब्यात जाऊन पडतं, महिनाभर परत काढता येतं. पण या सॉफ्टवेअरला एक मागचं दारही आहे, त्याला म्हणतात एपीआय. तिथं माणूस बटण दाबत नाही, एक प्रोग्राम दुसऱ्याला हुकूम देतो. चावी दाखवायची, प्रकल्पाचा नंबर सांगायचा, कायमचं पुस म्हणायचं. की झालं! त्या दारात कचऱ्याचा डबा नाही. सॉफ्टवेअरच्या कंपनीला फोन केला तर त्यांनीही हात वर केले.

पुसल्याची तेवढी एक ओळ मागे उरली होती. चावी चेतनाची. हुकूम, प्रकल्प ४१७ कायमचा पुसणे. वेळ, बाजाराच्या दिवशी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटं.

"अकरा चाळीसले तू कोठे व्हती?"

"आठेच. ह्याच खुर्चीवर. एकटी."

"शेठ?"

"नंदुरबारले. मीटिंगम्हा. पन मोबाईल तं सोबतच ऱ्हास ना त्यासना."

"आनि आपला ललित?" विचारताना आप्पांचा आवाज जरा खाली गेला.

"ललितभाऊ तं नदीवर. सकायलेच गया, दिवाबत्तीले उना. आमलीपाडाले रेंजच नही, मामा. घाट उतरना का फोन म्हंजे नुसता डबा."

आप्पांनी मोठ्ठा श्वास सोडला. आतापर्यंत आपण तो धरून ठेवला होता हे त्यांना सोडल्यावर कळलं. रेंज नाही तर हुकूम नाही. ललित सुटला. राहिले दोघं, शेठ आणि चेतना, आणि चेतना खोटं बोलत नाही हे आप्पा तिच्या बारशापासून जाणून होते.

म्हणजे शेठच. आप्पा उठले तेवढ्यात चेतना हळूच म्हणाली, "मामा, एक गोट मी कोनलेच सांगेल नही."

३

गोष्ट अशी की, दर बाजाराच्या दिवशी मळ्याला सुट्टी असली की रमिलाबाई ऑफिसच्या मागच्या खिडकीशी यायची. चेतना इकडेतिकडे बघून तिला आत घ्यायची आणि संगणकावर रूपसिंगचा आवाज लावायची. अवघा पाऊण मिनिटाचा. चेतनाला त्यातलं 'साहेब' आणि 'वीरसिंग' एवढंच कळायचं. डोंगरात पायात बूट असलेला प्रत्येक माणूस साहेबच, त्यामुळे त्यावरून कोण ते कळायचं नाही. बाहेरच्या माणसाला रेकॉर्ड ऐकवायची कंपनीत सक्त मनाई होती. म्हणून तिनं तोंड शिवून घेतलं होतं.

"कॉपी काढाले काय व्हयनं व्हतं तुले?" आप्पा चिडले.

चेतना रडायलाच लागली. रोज समोर दिसणारी गोष्ट कोण जपून ठेवतं? आप्पांना ते कळत होतं. तरी ते चिडले.

रमिलाबाई मळ्याच्या बांधावर भेटली. पंचविशीची बाई, पण चेहऱ्यावरून पन्नाशीची वाटावी. पपईचा चीक लागून बोटं सोललेली.

"बाई, त्या आवाजात काय होतं?"

"सगळ्यांना सांगितलं मी, बाबा. कोणी नाही ऐकलं. बायको आहे, नवऱ्याचंच बोलणार, असं म्हणतात." ती मराठी जपून बोलत होती. "तो म्हणतो, स्लॅब टाकून आज सहावा दिवस. स्लॅब ओला आहे. साहेब म्हणतात काढा. मी नाही म्हणालो, साहेब ऐकत नाहीत. वीरसिंगला काठावर थांबवतो, मी एकटा जातो."

 वीरसिंग काठावर थांबला नव्हता. मेव्हण्याच्या मागे तो गेला होता. हे सांगायला कोणी उरलं नव्हतं.

"माझी आई येणार होती, बाबा. पुढच्या बाजाराला. सहा महिने मी निरोप पाठवत होते, ये, एकदा त्याच्या तोंडून ऐक. शेवटी हो म्हणाली." तिनं बोटांवरचा चीक पदराला पुसला. "माझं नको ऐकू, त्याचं ऐक म्हटलं. आता तिला कोणाचं ऐकवू?"

 म्हातारपणी माणूस हळवा होतो म्हणतात, पण हे ऐकून दगडालाही पाझर फुटला असता.

"तू शेवटचं कधी ऐकलंस तो आवाज?"

"मागच्याच बाजाराला. चेतनाताईनं लावला. तीन वाजले होते, तिच्या भिंतीवरचं घड्याळ माझ्यासमोरच असतं."

आप्पा बांधावरच थबकले. मागच्या बाजाराला म्हणजे त्याच दिवशी, आणि आळाच्या धसक्यात हे चेतनाच्या ध्यानातच आलं नव्हतं. अकरा चाळीसला कायमचा पुसलेला आवाज दुपारी तीनला वाजला कसा?

४

कंपनीची जीप चालवायचा धुडकू. गप्पिष्ट माणूस, एकदा सुरू झाला की घाट संपेपर्यंत थांबत नसे. आप्पांनी त्याला चहाच्या टपरीवर गाठलं.

"धुडकू, त्या रोजले ललितले नदीवर तूच लई गयथा ना?"

"हो ना, आप्पा. बिचाराना मूड चांगला व्हता जाताना. मंग मीच गोट काढी, म्हनं, ती म्हातारी तुळशीबाई पुढना बाजारले म्हसावदले ई ऱ्हायनी, जवाईना आवाज ऐकाले. होडीवालासनी माले सांगेल व्हतं. तवयपासून तो गप."

"आनि येताना?"

धुडकूनं बशीतला चहा फुरकला. "येतानानी गोट तं इचारूच नका. घाट चढी उनूत का समदा लोके माथावर गाडी थांबाडतस. दिवसभरना फोन, मेसेज तठेच येतस. तठे दोन भजीवाला बी बसतस त्यामुळे. त्या रोजले ललितभाऊ म्हने, थांबाडू नको, पयाड गाडी! मी म्हनं, भाऊ, मन्ही बायकोना फोन येवाना शे. तो मन्हावर वरडना. कधी वरडत नही तो, आप्पा. तेन्हा मांडीवर कामना फोन व्हता, दोन्ही हातनी दाबी धरेल."

"किती वाजनात तवय?"

"सात वाजाना सुमार."

आप्पांनी चहा तसाच ठेवला. टपरीवाल्यानं साय धरलेला पेला उचलून नेला तरी ते बसूनच होते. एकतीस वर्षं ज्या कामात घातली ते काम आता त्यांच्यासमोर आपोआप जुळत होतं आणि ते जुळू नये असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं.

५

ऑफिसात परत जाऊन त्यांनी भाचीला एकच प्रश्न विचारला. सरकारी आवक-जावकमध्ये बसलेल्या माणसालाच सुचेल असा.

"चेतना, कोनताबी पत्रवर दोन तारखा ऱ्हातीस. एक लिखनारानी, एक आपला आवकना शिक्कानी. तुन्हा ह्या अकरा चाळीस, ही कोनती तारीख शे? लिखानी का पोचानी?"

चेतना 'पोचानी' म्हणायला गेली आणि तिचं तोंड उघडंच राहिलं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. डोंगरातल्या साइटवर रेंज नाही म्हणून तिनंच एक सोय करून दिली होती. मुकादम आणि इंजिनिअर आपापल्या फोनमध्ये नोंदी लिहून ठेवायचे. घाटमाथ्यावर रेंज लागली की त्या आपोआप मागच्या दारानं सॉफ्टवेअरमध्ये जायच्या. पण नोंदीवर पोचल्याची वेळ पडायची, म्हणून आठवडाभराची हजेरी एकाच दिवशी लागलेली दिसायची. तपासणीला आलेला साहेब हसला होता, म्हणाला, तुमचे मजूर आठवड्यात एकच दिवस काम करतात काय? तेव्हा चेतनानं बदल केला. नोंद लिहिली त्या घडीची वेळ दाखवायची. डोंगरातल्या सगळ्या फोनांचे हुकूम जायचे ते तिच्याच चावीनं. चाचणीसाठी केलेले खोटे प्रकल्प साफ करता यावेत म्हणून कायमचं पुसायचा हुकूमही तिनंच त्यात घातला होता. नंबर टाकला की काम झालं.

"असा किती फोन शेतस?"

"दोनच व्हतात, मामा." ती म्हणाली. "एक रूपसिंगना. तो त्यान्हासोबत चेंदाई गया. मढं घाटमाथावर उनं तवय त्यामाईन तो आवाज तेवढा पोचना, मंग फोन कायमना बंद पडना."

दुसरा कोणाचा ते तिनं सांगितलं नाही. आप्पांनीही विचारलं नाही. हुकूम रेंज असलेल्या माणसानं दिला असता तर आवाज अकरा चाळीसलाच मेला असता. तो तीनला जिवंत होता. म्हणजे हुकूम लिहिला गेला रेंज नसलेल्या जागी, आणि पोचला सातला, घाटमाथ्यावर. ज्या गोष्टीनं ललितला सोडवलं होतं तिनंच त्याला धरलं.

ललित मागच्या खोलीत नकाशे पसरून बसला होता. बापाला दारात बघून उठला. आप्पांनी दार लोटलं.

"खरं सांग, लल्या. सेंटरिंग तू काढाले लावी व्हती?"

ललितनं खोटं बोलायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. सहा महिने तो या प्रश्नाची वाट बघत असावा.

"दुसरे रोज पाहनी व्हती, आप्पा. मोठा साहेब येनार, फोटो निंघनार. मी म्हनं, काढ, काही व्हत नही. तो नही म्हने. मी त्यान्हावर वरडनू. लोकेसमोर." तो खाली बसला. "मंग चौकशीम्हा मी सांगं, मी तं नही म्हनेल व्हतं. मन्हा तोंडमाईन निंघी गयं. एकदा निंघनं ते निंघनं."

"आनि पुसं?"

"धुडकूनी सांगं, म्हातारी येनार. मी त्याच पडेल धक्कावर बसेल व्हतू. नंबर टाका."

"अकरा चाळीसपासून सात वाजालोंग," आप्पा म्हणाले, "सात तास तो हुकूम तुन्हा मांडीवर व्हता. रद्द कराले एक बोट पुरं व्हतं."

"होडीम्हा दहा दाव हात लावा मी. माले वाटनं, गाडी थांबाडी नही तं रेंज लागाव नही. आपोआपच ऱ्हाई जाई." ललित लहान मुलासारखा हुंदके द्यायला लागला. "मी रद्द बी नही करं आनि मन्हा हातनी धाडं बी नही, आप्पा."

"चेतनावर आळ उना तवय?"

 आप्पांचा हात वर गेला. आयुष्यात पोराला कधी चापट मारली नव्हती, तो हात तसाच हवेत राहिला आणि मग पोराच्या डोक्यावर पडला. दोघंही रडत होते. बाहेर चेतना भिंतीला टेकून उभी होती, तिलाही सगळं ऐकू येत होतं.

६

ललितचा जबाब आप्पांनी स्वतः लिहून काढला. ललितनं सही केली. चौकशी कार्यालयात तो देऊन आप्पांनी आवकचा नंबर घेतला. तिथल्या साहेबांनी सांगितलं, दोन दिवसांनी धडगावच्या पोलीस ठाण्यात हजर व्हा. योगेंद्रशेठनी मधे एकदा फोन केला, आप्पा, पोटच्या पोराला कोणी असं करतं का, म्हणून. आप्पांनी फोन ठेवून दिला. घरी सुंदरबाईनं, ललितच्या आईनं, तर दोन दिवस त्यांच्याशी अवाक्षर काढलं नाही.

तरी काम अर्धंच झालं होतं. कागदानं रूपसिंग निर्दोष झाला असता, पण तुळशीबाई कागद वाचणार नव्हती. तिला त्याचा आवाज ऐकायचा होता आणि तो आता जगात कुठेच नव्हता.

ठाण्यात जायच्या दिवशी सकाळी आप्पा ललितला घेऊन आधी नदीवर गेले. होडीत रमिलाबाईही होती.  आमलीपाड्याला उतरल्यावर ती काठावरच थांबली. आईच्या दारापर्यंत जायची तिला बंदी होती.

चढावर तुळशीबाईचं कुडाचं घर. म्हातारी ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. तिला मराठी समजायची, पण बोलायची ती आपल्याच बोलीत. ललित तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"मीच तो साहेब," तो म्हणाला. "तुमचा जावई नाही म्हणत होता. मी ओरडून त्याला काढायला लावलं. तुमची मुलगी खरं बोलत होती. तुम्ही येणार हे कळल्यावर त्याचा आवाज मीच पुसला."

म्हातारीच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिनं त्याला शिवी दिली नाही, काही फेकून मारलं नाही. तिनं काठाकडे बघितलं आणि हाक मारली. त्या हाकेत लेकीचं नाव होतं, तेवढं आप्पांना समजलं.

रमिलाबाई धावतच वर आली आणि ओट्यापासून चार हातांवर थबकली. तुळशीबाईनं काहीतरी विचारलं. मग रमिलाबाई बोलायला लागली. पाऊण मिनिटच बोलली. दर बाजाराला ऐकून ऐकून तिला तो आवाज पाठ झाला होता, कुठे तो थांबला, कुठे त्यानं श्वास घेतला, सगळं. भाषा आप्पांना कळत नव्हती. फक्त एक नाव कळलं, वीरसिंग. ते नाव आलं तशी म्हातारी खाली सरकली, लेकीला दोन्ही हातांनी ओढून घेतलं आणि दोघी अशा रडल्या की शेजारपाजारची माणसं दारात येऊन उभी राहिली. कोणीही तोंड फिरवलं नाही.

आप्पांनी ललितला दंडाला धरून उठवलं. होडी थांबली होती, पुढे ठाण्यात वेळेवर पोचायचं होतं. ते वळले तेव्हा मागून म्हातारीनं काही विचारलं.

रमिलाबाईनं डोळे पुसत मराठीत सांगितलं, "आई विचारते, बाबा, तुम्ही पोलीस आहात का? याला इतक्या लांब धरून आणलंत. हा तुमचा कोण?"



"माझा मुलगा," ते म्हणाले. "एकुलता एक."

 तुळशीबाई हळू आवाजात दोनच शब्द बोलली. रमिलाबाई ते मराठीत सांगायला कचरली. आप्पांनी मानेनंच सांग म्हटलं.

"म्हणते, म्हणजे तुझाही गेला."

आप्पा खालीच बसले, अंगणातल्या मातीत. म्हातारीनं शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि ओट्यावर त्यांच्यासाठी जागा केली.